विमानतळावरचे आमचे तास कुणाच्या खात्यावर?

प्रति,
नाशिक परिसरातल्या अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे आणि दिंडोरी इथल्या कारखान्यांचे मालक, संचालक व एचआर प्रमुख यांस

विषय : प्रवास नियमांतून लाउंजची सोय काढून टाकल्याबाबत

स.न.वि.वि.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या कंपनीत अर्ध्या पानाचं एक सर्क्युलर लागलं. वर ‘खर्चात काटकसर’ असा मथळा आणि खाली चार ओळी. विमानतळावरचं लाउंज, म्हणजे पैसे मोजून बसण्या-खाण्याची वेगळी जागा, यापुढे जनरल मॅनेजर आणि त्यांच्या वरच्यांनाच. बाकीच्यांनी लाउंजचं बिल लावू नये. लावल्यास मंजूर होणार नाही. कुणाला हवंच असेल तर आपापल्या क्रेडिट कार्डावरची सुविधा वापरावी. कॅन्टीनमध्ये एकजण म्हणाला, “मॅडम, तुमचं फुकटचं पनीर बंद!” सगळे हसले, मीही हसले. नंतर ओळखीपाळखीत विचारलं तर अंबडमधल्या आणखी दोन आणि सिन्नरच्या एका कंपनीत थोड्याफार फरकाने हेच चाललंय असं कळलं. म्हणून कुणा एकाचं नाव न घेता तुम्हा सगळ्यांना मिळून लिहिते आहे.

मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. एकोणीस वर्षं झाली. माझं काम म्हणजे, स्पष्टच सांगायचं तर, कंपनीच्या वतीने बोलणी खायला जाणं. आपला पार्ट गिऱ्हाइकाच्या असेंब्ली लाइनवर बसला नाही की फोन येतो, आणि कुणीतरी समोर जाऊन उभं राहावं लागतं. मानेसर, साणंद, होसूर, श्रीपेरंबुदूर. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. माझ्यासारखे सर्व्हिसचे, सेल्सचे, कमिशनिंगचे शेकडो लोक या शहरातून असेच बाहेर पडतात. पहाटे पाथर्डी फाट्यावर पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन गाडीची वाट बघणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. ते आम्ही.

आता नाशिकच्या माणसाचा विमानप्रवास कसा असतो ते मांडते. तुम्हाला माहीत आहे, पण सर्क्युलर लिहिणाऱ्याला ते आठवलेलं दिसत नाही. जवळच्या ओझर विमानतळावरून दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरूला विमानं आहेत. वेळ जुळली तर घरातून पाऊण तासात ओझर. तिथे मला लाउंज नको, काही नको; घरून पोहे खाऊन निघते. पण निम्म्याहून अधिक वेळा वेळ जुळत नाही किंवा सीट मिळत नाही, आणि मग मुंबई. एकशे ऐंशी किलोमीटर. साडेसहाचं विमान असेल तर रात्री एकला गाडी दारात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला, आठ किलोमीटरचा बोगदा झाला, त्याचा खरंच फायदा झालाय. पण घाट वाचला, भिवंडी वाचली नाही. ठाण्यात माजिवड्याला एखादा कंटेनर आडवा झाला की सगळं गणित कोसळतं. म्हणून दीड-दोन तास हातचे ठेवून निघावं लागतं. रस्त्यावर गर्दी नसेल तर ते दोन तास विमानतळावर जमा होतात. हौस म्हणून लवकर पोहोचणारा नाशिककर मी अजून पाहिलेला नाही.

माझे वडील नोकरीत असताना पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जायचे. पासधारकांनी आपला डबा किती स्वच्छ आणि शांत ठेवला आहे याचं त्यांना कोण कौतुक! इगतपुरी ते कल्याण आपल्या फायली हातावेगळ्या होतात, असं ते सांगायचे. प्रवासात बसायला धड जागा मिळाली की जाणारा वेळ कामाला येतो, हे नाशिकला कुणी शिकवायला नको.

सर्क्युलरनंतरच्या माझ्या पहिल्याच फेरीचं सांगते. दक्षिणेतल्या एका गिऱ्हाइकाच्या लाइनवर आमच्या ब्रॅकेटचं भोक जागेवरून सरकलेलं निघालं. मी गेले, लॉट बाजूला काढला, तपासणी लावून दिली. अडीचला माझं तिथलं काम संपलं. सव्वापाचचं विमान होतं. पण आमच्या ट्रॅव्हल डेस्कने रात्री नऊ-चाळीसचं तिकीट काढलेलं, कारण ते एकोणीसशे रुपयांनी स्वस्त होतं. साडेचारपासून मी विमानतळावर. गिऱ्हाइकाला त्याच दिवशी कंटेनमेंटचा, म्हणजे सदोष माल कसा रोखला याचा, रिपोर्ट हवा होता. आमच्या धंद्यात चोवीस तासांत तो द्यावाच लागतो. लॅपटॉपची बॅटरी अकरा टक्के. लाउंजची परवानगी फोनवर मागितली, उत्तर आलं, “पॉलिसीत बसत नाही.” एका खांबाजवळ सॉकेट सापडला, पण तिथे खुर्ची नव्हती. मग फरशीवर मांडी घालून बसले आणि तो ‘एट-डी’ (8D) रिपोर्ट, म्हणजे दोष आणि त्यावरचे उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा अहवाल, लिहायला घेतला. मांडीवर गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग उघडलेलं, ज्याच्या कोपऱ्यात ‘गोपनीय’ असा शिक्का असतो, आणि खांद्यावरून मोबाइल चार्जिंगला लावायला वाकलेले दोन अनोळखी गृहस्थ. सातला व्हिडिओ कॉल. दर मिनिटाला माझ्या डोक्यावर घोषणा. पलीकडचे क्वालिटी हेड म्हणाले, “मॅडम, स्टेशनवर बसलायत का?” मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

रिपोर्ट आठला गेला. जेवण म्हणजे एक थंडगार सँडविच. मुंबईत उतरले पावणेबाराला, घरी पोहोचले पहाटे सव्वाचारला, आणि साडेआठचं पंचिंग चुकवलं नाही.

सहा महिन्यांपूर्वी असाच रिपोर्ट मी लाउंजमध्ये बसून केला होता. टेबल होतं, प्लग होता, तोंड धुतलं, वरण-भात खाल्ला. दीड तासात काम संपलं आणि उरलेला तासभर खुर्चीत डोळे मिटून पडले. फरक इतकाच आहे. पण तो फरक मी कंपनीच्या कामात लावला, हे कृपा करून लक्षात घ्या.

तर आता आमच्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी : वाचलेले पैसे तुमच्या खात्यावर आणि गेलेले तास आमच्या. ट्रॅव्हल डेस्क तिकिटाची किंमत तिकिटाशीच ताडून पाहतो. एकोणीसशे वाचले की शाबासकी. त्यासाठी एका इंजिनिअरचे साडेचार तास गेले हे कोणत्याच रकान्यात येत नाही. तीच गत ओझर आणि मुंबईची. मुंबईहून तिकीट दोन हजारांनी स्वस्त म्हणून ओझरचं काढत नाहीत, पण मुंबईला सोडायला गाडी जाते तिचं भाडं आणि टोल धरून चार-पाच हजार वेगळ्या हेडखाली पडतात. हा हिशेब एखाद्या व्हेंडरने मांडला असता तर तुम्ही त्याला उभं केलं नसतं.

एक गंमत पाहा. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, त्याच्या नियमानुसार, अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर होणार असेल तर विमान कंपनीने प्रवाशाला खाणंपिणं द्यायचं असतं. पावसामुळे, धुक्यामुळे उशीर झाला तरीही. म्हणजे निसर्गाने मला दोन तास बसवलं तर माझी सोय कुणीतरी बघायची. माझ्याच कंपनीने ठरवून, पैसे वाचवायला, पाच तास बसवलं तर कुणीच बघायचं नाही.

दुसरी : आमच्या खिशातली कार्डं. ‘तुमच्या कार्डावर मिळतंच की’ हे वाक्य आता जुनं झालं. कोणतंही कार्ड पुढे करा, दोन रुपये स्वाइप करा आणि आत जा, असे दिवस होते खरे. बँकांनी ते कधीच आवरतं घेतलं. एचडीएफसीने डिसेंबर २०२३ पासून रेगालिया कार्डाला तिमाहीत एक लाख रुपये खर्चाची अट घातली. आयसीआयसीआयने नोव्हेंबर २०२४ पासून बऱ्याच कार्डांना आधीच्या तिमाहीत पंचाहत्तर हजारांची. सप्टेंबर २०२५ मध्ये तर ड्रीमफोक्स या कंपनीने, जिच्यामार्फत बँका कार्डधारकांना लाउंजमध्ये पाठवत, आपली देशांतर्गत लाउंज सेवा बंद केल्याचं जाहीर केलं. आमच्या विभागातल्या पंचवीस-तीस हजार पगाराच्या मुलाने तिमाहीला पंचाहत्तर हजार कार्डावर उडवायचे, कशासाठी, तर कंपनीच्या कामाला जाताना बसायला खुर्ची मिळावी म्हणून? आणि समजा एखाद्याला मिळतंय. ते त्याच्या वार्षिक फीचं, त्याच्या खर्चाचं फळ आहे. तो ते सुट्टीत आईवडिलांना काशीला नेताना वापरेल. तुमच्या ऑडिटसाठी का जाळेल?

तिसरी : पदाचा निकष. इथे थोडा इतिहास सांगते, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. लाउंज ही गोष्ट जन्मालाच आली मानपानासाठी. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडमिरल्स क्लब’ काढला. तिथे ज्याला बोलावणं त्यालाच प्रवेश. बड्या गिऱ्हाइकांना गोंजारण्याची जागा होती ती. १९९२ मध्ये प्रायॉरिटी पास आला आणि कोणत्याही कंपनीच्या विमानाने जाणारा माणूस वर्गणी भरून आत जाऊ लागला. पुढे कार्डांनी उरलीसुरली कडी काढली. आज लाउंज म्हणजे तासाच्या हिशेबाने मिळणारं टेबल, प्लग, जेवण आणि स्वच्छतागृह. पण आपल्याकडे डोक्यात अजून १९३९ चाललंय. साहेबांना मान, म्हणून साहेबांना लाउंज.

साहेबांबद्दल माझ्या मनात आकस नाही. पण त्यांचं तिकीट त्यांच्या सोयीच्या वेळेचं असतं. ते विमानतळावर तासभर आधी पोहोचतात आणि लाउंजमध्ये जेमतेम कॉफी घेतात. ज्याला रात्री एकला घर सोडायचंय, ज्याचं विमान डेस्कने ठरवलंय, ज्याला रिपोर्ट लिहायचाय, तो बाहेर. गरजेचा आणि सोयीचा क्रम बरोबर उलटा लावला आहे.

चौथी, जेवणभत्ता. आमचा दिवसाचा सहाशे रुपये आहे आणि तो सहा वर्षांत हललेला नाही. विमानतळावर दोन वेळा काही खाल्लं की संपला. विमानतळावरचं खाणं महाग हे सरकारनेही मान्य केलं, म्हणून तर डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याला ‘उडान यात्री कॅफे’ निघाला, दहा रुपयांत चहा आणि वीस रुपयांत समोसा. चांगलीच गोष्ट. पण समोसा म्हणजे रात्रीचं जेवण नव्हे, आणि आमच्यात मधुमेहाची औषधं घेणारे तिघे आहेत. त्यांना वेळेवर, धड जेवावं लागतं.

पाचवी गोष्ट मी संकोचाने लिहिणार होते, पण संकोच का करायचा? कंपनी आता बायकांना फील्डवर पाठवते, अभिमानाने पाठवते, वार्षिक अहवालात फोटो छापते. मग रात्री अकरा ते पहाटे चार या वेळात ती बाई कुठे बसते हे विचारा. टर्मिनलमध्ये पोलीस असतात, दिवे असतात. मी घाबरत नाही. पण बॅग, लॅपटॉप आणि गिऱ्हाइकाचे सँपल पार्ट सांभाळत एकटीने स्वच्छतागृहात जायचं म्हणजे काय कसरत असते, ते एकदा करून बघा. मी शेजारच्या अनोळखी काकूंना ‘जरा बॅग बघाल का’ म्हणून किती वेळा विनवलंय याची मोजदाद नाही. त्यांनी दर वेळी बघितली. पण तुमच्या प्रवास नियमांचा आधार कुणा काकूंवर असू नये.

आता तुमच्या बाजूनेही बोलते, नाहीतर म्हणाल एकांगी लिहिलं.

लाउंज म्हणजे स्वर्ग नाही. गर्दीच्या वेळी बाहेरपर्यंत रांग असते. आत गेलं तर खुर्ची नसते, शेजारी कुणी स्पीकरवर रील्स बघत असतं, आणि एखादे आजोबा तिसऱ्यांदा गुलाबजाम घेऊन येतात (घेऊ देत बिचारे). बहुतेक ठिकाणी दोन-तीन तासांपेक्षा जास्त बसू देत नाहीत. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली, तेव्हा देशभर माणसं विमानतळावर अडकली. तसल्या वेळी लाउंज नव्हे, हॉटेल लागतं. आणि गैरवापर होतो, हेही खरं आहे. आमच्याच एका सहकाऱ्याने मेव्हण्याला सोबत नेऊन दोघांचं बिल लावलं होतं. त्याच्या पगारातून कापलं, विषय संपला. एका मेव्हण्यासाठी सव्वाशे माणसांची खुर्ची काढून घ्यायची गरज नव्हती.

खर्च किती, तेही मांडते. वर्षाला माझ्या साधारण पंचवीस फेऱ्या होतात. ओझरच्या आणि छोट्या फेऱ्या सोडल्या तर खरी गरज पडते ती बारा वेळा. एका वेळेचे दीड हजार धरले तरी वर्षाचे अठरा हजार. वरच्या प्रसंगातल्या लॉटचं सॉर्टिंग आम्ही बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतलं, त्याचं तीन दिवसांचं बिल याच्या तिपटीहून जास्त झालं. ते बिल मंजूर करताना काटकसर कुणाला आठवली नाही. आठवायलाही नको होती. गिऱ्हाईक टिकवायचं होतं. मी तेच म्हणते आहे. फरशीवर बसलेली बाई ज्या मीटिंगमध्ये दिसते, त्या मीटिंगमध्ये कंपनी दिसते.

आमच्या मागण्या अशा :

१. लाउंजचा निकष पद नसावा, थांबण्याचा वेळ असावा. विमानतळावर तीन तासांहून जास्त थांबावं लागणार असेल, विमान सकाळी सातच्या आधीचं किंवा रात्री दहानंतरचं असेल, किंवा विमान बदलताना मध्ये दोन तासांहून जास्त अंतर असेल, तर ट्रेनी असो की संचालक, लाउंज मंजूर.

२. वैयक्तिक कार्डाचा उल्लेख नियमांतून काढावा. कंपनीने पास घ्यावेत किंवा बिल दिल्यावर त्याच महिन्यात पैसे द्यावेत. लाउंज भरलेलं असेल किंवा नसेलच, तर तेवढ्याच मर्यादेत जेवणाचं बिल चालावं.

३. तिकीट काढताना गाडीभाडं, टोल आणि थांबण्याचे तास एकाच कागदावर मांडावेत. एकूण खर्चात ओझर परवडत असेल तर ओझर. काम संपल्यानंतर चार तासांहून उशिराचं विमान प्रवाशाला विचारल्याशिवाय काढू नये.

४. रात्री बारानंतर घरी पोहोचणाऱ्याला दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभा असावी. हे लाउंजचं नाही, पण याच पत्रात लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

५. आम्हाला न्यायला येणाऱ्या ड्रायव्हरच्या जेवणाची आणि टेकण्याची सोय असावी. विमान उशिरा आलं की तो पार्किंगमध्ये सीट मागे करून झोपतो आणि मग आम्हाला घेऊन रात्रभर गाडी चालवतो. त्याला कोणत्याच सर्क्युलरमध्ये रकाना नाही.

निमा आणि आयमा या आपल्या उद्योजकांच्या संघटनांनाही विनंती आहे. ओझरहून विमानं वाढावीत म्हणून तुम्ही पाठपुरावा करता, त्याचा आम्हाला रोजच्या रोज उपयोग होतो. त्याच जोरावर सभासद कंपन्यांसाठी प्रवासाचा एक नमुना मसुदा करून द्या. छोट्या कारखान्यांत एचआरला वेगळा माणूस नसतो. तयार मसुदा मिळाला तर ते वापरतील. २०२७ च्या सिंहस्थासाठी गाड्या, हॉटेलं, विमानं सगळ्यांवर ताण येणार आहे. तेव्हा रस्त्यावरचे आणि विमानतळावरचे आमचे तास आणखी वाढतील, त्याच्या आत हे व्हावं.

पुढच्या मंगळवारी मला पुन्हा जायचं आहे. पहाटेचं विमान, मुंबईहून. रात्री एकला गाडी पाथर्डी फाट्यावर येईल. लाउंजमध्ये बसून रिपोर्ट पूर्ण करणार आहे आणि परत आल्यावर बिल लावणार आहे. नामंजूर करायचं असेल तर करा. फक्त कारण लेखी द्या, आणि त्यावर मी तिथे किती तास होते तेही लिहा.

कळावे,
आपली,
अंबडमधली एक क्वालिटी इंजिनिअर
नाशिक